भिंतीत बसलेला गारठा

१

नव्या घराची ऊब कुठून निसटते ते शोधणं हे माझं काम. घरमालकाला आदल्या दिवशी सांगून ठेवायचं की हीटिंग चालू ठेवा, भिंतींना टेकलेलं सामान हातभर पुढे ओढा. सकाळी भिंतीवर ऊन यायच्या आत मी पोचतो. आतल्या-बाहेरच्या हवेत निदान दहा अंशांचा फरक असला की थर्मल कॅमेऱ्याच्या पडद्यावर भिंत बोलायला लागते. ऊबदार भाग पिवळा, गार भाग निळा. खिडकीच्या फटीतून वारा येत असेल तर निळी जीभ दिसते. भिंतीत ऊब अडवणारी खनिज लोकर भरायची राहिली असेल तर निळा चौकोन दिसतो. चौकोनच दिसतो, कारण आमच्याकडे वेल्समध्ये नवी घरं लाकडी सांगाड्याची. सांगाडा सरळ, त्यात बसवायचे लोकरीचे तुकडे सरळ. माणूस चुकला तरी काटकोनात चुकतो.

नेस्टा बेननचा फोन आला तेव्हा नोव्हेंबर निम्मा सरला होता. ती प्राथमिक शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. तिचं घर माएस हेलिग वसाहतीत, बारा नंबर. ती वसाहत मी चांगली ओळखत होतो. दोन वर्षांपूर्वी तिथला साइट मॅनेजर मीच होतो. पुढे ती नोकरी सोडली आणि हा धंदा सुरू केला. आधी चुका करणाऱ्यांत होतो, आता चुका शोधणाऱ्यांत आलो, असं मी हसत सांगायचो. नेस्टालाही सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "म्हणूनच तुम्हाला फोन केला. घर तुम्ही बांधलंत, दुखणं तुम्हालाच सापडेल."

दुखणं असं होतं की तिच्या वडिलांना थंडी वाजायची. डोंगरावरच्या जुन्या दगडी घरात ओल होती, त्यांची छाती भरायची, म्हणून तिने हट्टाने हे नवं घर घेतलं. रेडिएटर गरम, तापमापक एकवीस अंश दाखवतोय, आणि म्हातारा कोट घालून बसलेला.

एमलिन बेनन ऐंशीच्या पुढचे. चाळीस वर्षं शेताशेतावरून दुधाची गाडी फिरवलेले. मी आत गेलो तर त्यांनी मला आधी खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "तू ह्यू प्यूचा अर्वेल ना? तुझ्या बापाचं कुत्रं माझ्या टायरच्या मागे लागायचं." मग कॅमेऱ्याकडे पाहून म्हणाले, "यात थंडी दिसते होय?"

मी म्हटलं, दिसते.

"पोरा, थंडी मला नवी नाही. पहाटे चारला गाडी काढलीय मी, बर्फातून. ही निराळी आहे. ती अंगावर यायची. ही अंगाला टेकते."

त्यांची खुर्ची मधल्या भिंतीला लागून होती, डावा हात भिंतीकडे. त्या भिंतीपलीकडे तेरा नंबरचं घर. ते विकलंच गेलं नव्हतं, कुलूप लावून पडलं होतं. मी त्यांना स्वयंपाकघरात बसायला लावलं, खुर्ची ओढली आणि कॅमेरा धरला.

भिंत सगळी पिवळी होती. फक्त खुर्चीच्या जागेशेजारी एक निळा डाग होता. जमिनीपासून वर आलेला, खाली रुंद, मध्ये किंचित निमुळता, वर गोल. त्याला एकही सरळ कड नव्हती.

मी टेप लावून मापं घेतली. एकशे अठरा सेंटिमीटर उंच, शेहेचाळीस रुंद. अहवालात आकाराच्या रकान्यात 'अनियमित' लिहिलं आणि त्या शब्दावर समाधान मानलं.

२

वसाहत बांधणाऱ्या कंपनीने दुरुस्तीला डिल्विनला पाठवलं. डिल्विन माझ्या हाताखाली होता तेव्हापासून त्याचा एकच सिद्धांत, की लोक घर घेतात आणि मग तक्रारी करायला कारणं शोधतात. मी पेन्सिलीने आखलेल्या जागी त्याने जिप्सम बोर्डात वीतभर चौकोन कापला, आत हात घातला, कोपरापर्यंत फिरवला. लोकर ठासून भरलेली होती. मला फोन करून म्हणाला, तुझ्या कॅमेऱ्याला चष्मा लाव. चौकोन बुजवून, रंगाचा हात मारून तो गेला.

पंधरा दिवसांनी नेस्टाने पुन्हा बोलावलं. वडील आता झोपेत कुडकुडत होते.

मी आधी खालची भिंत पाहिली. डाग नव्हता. डिल्विनने हात लावलेली जागा सुरेख पिवळी होती. बरं वाटलं आणि थोडी लाजही वाटली. मग वर गेलो. एमलिनची खोली त्याच भिंतीला लागून, पलंगही भिंतीला लागून. नेस्टाने आणि मी मिळून पलंग पुढे ओढला.

डाग तिथे होता. गादीच्या उंचीवर, आडवा.

मी मापं घेतली. लांबी एकशे अठरा, उंची शेहेचाळीस. उशीच्या बाजूचं टोक गोल.

नेस्टाने विचारलं की हा तोच आहे का. मी तिला वाऱ्याचं सांगितलं, आणि जे सांगितलं ते खोटं नव्हतं. दोन घरांच्या दोन सांगाड्यांमध्ये चार बोटांची पोकळी असते. ती पायापासून छपरापर्यंत जाते. कुठे नीट बंद केलेली नसली की वारा आत शिरतो. वाऱ्याची दिशा बदलली की गार जागाही बदलते. मागच्या वेळी वारा नैर्ऋत्येचा होता, आज उत्तरेचा. हे सगळं मी पुस्तकात वाचलंय, दोन-चार घरांत पाहिलंयही. फक्त वारा मापं सांभाळत नाही. ते मी तिला बोललो नाही.

जिना उतरताना मी, जरा आडवळणाने, तिच्या आईचं विचारलं. का विचारलं ते मला तेव्हाही कळलं होतं आणि त्याची लाज वाटली होती.

"आई गेली," नेस्टा म्हणाली.

मी वाईट वाटल्याचं काहीतरी पुटपुटलो.

"स्पेनला गेली हो. गॅरेजवाल्याबरोबर. नाताळला कार्ड येतं, दोघंही टुणटुणीत आहेत."

खाली एमलिन सोफ्यावर बसले होते. खुर्ची मी पुढे ओढून ठेवल्यामुळे असेल. तीन माणसांचा सोफा, रिकामा, पण ते एका टोकाला अंग चोरून बसले होते, आगगाडीत दुसऱ्याला जागा करून देतात तसे. डाव्या बाजूला भिंत होती. मधली जागा मोकळी. मी चहाचा कप घेऊन तिथे टेकणार, तर ते म्हणाले, "इथे नको, पोरा. खुर्ची घे."

मी खुर्ची घेतली. नेस्टा खिडकीतून बाहेर पाहत होती.

३

आता जे लिहितोय ते मी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

भिंत जिप्सम बोर्डाने बंद करण्याआधी आतल्या लोकरीचा फोटो काढायचा आणि त्या घराच्या फायलीत लावायचा असा नियम आहे. फोटो काढायचं काम माझं. तेव्हा फेब्रुवारी होता, बर्फामुळे आठवडाभर मागे पडलो होतो, कंपनी रोज तारीख विचारत होती. शुक्रवारी दुपारी मी बारा नंबरमधून बाहेर पडलो तेव्हा मधल्या भिंतीत लोकर बसवणं चालू होतं. शनिवारी सकाळी गेलो तर भिंत बंद. बोर्ड लागलेले, सांधे भरलेले, घासून गुळगुळीत. इतकं चांगलं काम त्या वसाहतीत दुसऱ्या कुठल्याच भिंतीचं नव्हतं.

थोड्या वेळाने बोर्ड बसवणारी टोळी आली. तिचा म्होरक्या भिंतीवरून हात फिरवत म्हणाला की हे कुणी केलं, आम्ही तर काल चारलाच गेलो. मला वाटलं, हा मस्करी करतोय किंवा दुसऱ्या टोळीने आपलं समजून केलं. मी म्हटलं, ज्याने केलं त्याचं भलं होवो, चला पुढच्या घराला.

आणि फायलीत मी दहा नंबरच्या भिंतीचा फोटो लावला. लोकर ती लोकर. तपासायला आलेल्या माणसाने पान उलटलं, सही केली.

दुसऱ्या भेटीनंतर घरी येऊन मी जुना संगणक उघडला आणि तो फोटो पाहत बसलो. पिवळसर लोकर, लाकडाचे उभे दांडे, एका कोपऱ्यात माझ्याच बुटाचं टोक. दहा नंबरची भिंत. बारा नंबरच्या भिंतीत काय होतं ते कुणीच पाहिलं नव्हतं. ती कुणी बंद केली हे मला माहीत नव्हतं. तोवर माझ्या मनात प्रश्न येई तो बाहेरून बंद करणाऱ्याचा. त्या संध्याकाळी पहिल्यांदा वाटलं की भिंत आतूनही बंद करता येत असेल. मग मीच स्वतःला झापलं. सांधे बाहेरून भरतात. घासतात बाहेरून. मी उठलो आणि भांडी घासली.

दुसऱ्या दिवशी नेस्टाचा फोन आला. तिने सरळ विचारलं, "भिंत बंद करायच्या आधी तुम्ही आत पाहिलं होतंत ना?"

मी म्हटलं, "पाहिलं होतं."

४

एक गोष्ट करायची राहिली होती, ती म्हणजे भिंत पलीकडून पाहायची. डिल्विनकडे तेरा नंबरची किल्ली होती. त्याने ती खळखळ न करता दिली, फक्त सोबत यायला नाही म्हणाला. त्याला दुसरीकडे काम होतं.

मी सकाळी दहाला गेलो. ढगाळ दिवस, मला हवा तसाच. घरात दोन हिवाळे हीटिंग लागलेलं नव्हतं. आतली हवा चार अंश. माझा श्वास दिसत होता. फरशीवर गालिचा नाही, खिडक्यांना पडदे नाहीत, भिंतींवर पांढऱ्या रंगाचा नुसता एक थर. माझ्या बुटांचा आवाज एका खोलीतून निघून दुसऱ्या खोलीत जाऊन परत येत होता, जरा उशिराच येत होता. रिकाम्या घरात तसं होतं.

बैठकीच्या खोलीत मी मधल्या भिंतीसमोर कॅमेरा धरला. भिंत निळी होती, असायलाच हवी होती. आणि खाली, बरोबर जिथे पलीकडे एमलिनची खुर्ची असते तिथे, एक पिवळा डाग होता. खाली रुंद, वर गोल. आकडा पाहिला. एकतीस अंश.

पलीकडे बैठकीची खोली एकवीस अंश. मधे दोन थर लोकर. एकवीसची ऊब झिरपून एकतीस होत नाही. हे शाळेतलं पोरही सांगेल. म्हणून मी पहिल्यांदा स्वतःवर संशय घेतला. गुळगुळीत रंगावरून माणसाच्या अंगाची ऊब परावर्तित होते, नवशिके त्यात फसतात. मी डावीकडे सरकलो. डाग जागेवर. उजवीकडे सरकलो, खाली बसलो. डाग जागेवर. हातमोजा काढून तळवा भिंतीला लावला. भिंत कोमट होती, नुकतंच कुणी उठून गेलेल्या खुर्चीसारखी.

मी नेस्टाला फोन लावला. ती पलीकडेच होती. घरातून आणि फोनमधून तिचा आवाज दोनदा ऐकू आल्यासारखा वाटला. वडील कुठे आहेत विचारलं.

"खुर्चीत. का?"

"काही नाही. बसू दे त्यांना."

"बसतायत कुठे, उठले बघा. वर निघाले. बाबा, काठी घ्या."

मी कॅमेऱ्याकडे पाहिलं. डाग खुर्चीच्या जागी नव्हता. तो जिन्याच्या बाजूला दोन हात सरकला होता आणि उभा झाला होता. म्हणजे लांबोडा झाला होता. मी शब्द जपून वापरतो. पलीकडून एमलिनच्या काठीचा ठोका येत होता, एकेका पायरीला एक. डाग भिंतीतून तिरका वर चढत होता. ठोका पडला की तो थांबे. म्हाताऱ्या माणसाला दम लागतो म्हणून सोबतीण थांबते तसा.

तो छताला टेकून दिसेनासा झाला. फोन अजून कानाला होता. नेस्टा विचारत होती, काय झालं, तुम्ही बोलत का नाही.

वर जाऊन पाहायला हवं होतं. मी जिन्याच्या दोन पायऱ्या चढलोही. मग वरच्या रिकाम्या खोलीत लाकूड करकरलं. थंडीत लाकूड आक्रसतं, करकरतं. नव्या घरात तर फारच. हे मला ठाऊक असताना मी मागच्या पावली खाली आलो, दाराला कुलूप लावलं आणि गाडीत जाऊन बसलो.

५

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गावातली परिचारिका एमलिनच्या पायाची पट्टी बदलायला आली होती. तिने सहज तापमान घेतलं तर ते चौतीस पूर्णांक आठ भरलं. एकवीस अंशांच्या खोलीत, अंगात दोन स्वेटर. तिने लगेच रुग्णवाहिका बोलावली. इस्पितळात तीन तासांत ते सदतिसावर आले, दोन दिवस ठणठणीत राहिले, शेजारच्या खाटेवरच्या माणसाला दुधाच्या गाडीच्या गोष्टी सांगितल्या. घरी आले आणि चौथ्या दिवशी पुन्हा पस्तीस.

मला हे नेस्टाने सांगितलं ते शाळेच्या मागच्या दारात, ॲप्रन अंगावर, वाफाळलेल्या हातांनी. डॉक्टर म्हणाले होते की असं तिसऱ्यांदा झालं तर हृदय साथ देईलच असं नाही. कंपनी म्हणत होती की भिंतीत दोष नाही, फायलीत फोटो आहे. ती ते मला सांगत होती आणि माझ्याकडे पाहत होती.

मी म्हटलं, "तो फोटो तुमच्या भिंतीचा नाही."

मग सगळं सांगितलं. घाई, बर्फ, दहा नंबर, त्या टोळीचा म्होरक्या, आणि मी फोनवर बोललेलं खोटं. तेरा नंबरमध्ये पाहिलेलं सांगितलं नाही. ते सांगायला शब्द नव्हते, की हिंमत नव्हती, कुणास ठाऊक.

ती ओरडली नाही. हात पुसत म्हणाली, "मी तुम्ही बांधलेल्या घरावर विसंबून त्यांना डोंगरावरून खाली आणलं, अर्वेल. ते यायला तयार नव्हते." मग म्हणाली, "हे लिहून द्या."

मी लिहून दिलं. कंपनीला भिंत पूर्ण उघडावी लागली. डिल्विन शुक्रवारी सकाळी आला, मीही गेलो. एमलिनला दुसरीकडे नेऊन बसवायचं ठरलं होतं, पण ते हटून बसले. सोफ्याच्या त्याच टोकाला, कोट घालून, काठी दोन्ही गुडघ्यांमध्ये. डिल्विनने पहिला बोर्ड सैल केला तेव्हा ते म्हणाले, "हळू काढ."

बोर्ड आला. मागे लोकर होती, सगळीकडे नीट भरलेली. फक्त खुर्चीच्या जागेमागे ती आत दबलेली होती. पार पलीकडच्या घराच्या बोर्डापर्यंत दबून, घट्ट होऊन, कडेने गोलाई धरून. गवतात ससा बसून उठला की त्याची जागा राहते तशी. दबलेल्या लोकरीला चकाकी आली होती, वापराची. काढलेला बोर्ड मी उलटा करून पाहिला. मागचा कागद एका जागी घासून पातळ झाला होता, बसलेल्या माणसाचा खांदा टेकेल साधारण त्या उंचीवर.

"उंदीर," डिल्विन म्हणाला.

मी त्याच्याकडे पाहिलं.

"बरं, लोकर खचली असेल. खचते." पण तो त्या पोकळीत हात घालत नव्हता. कोपरापर्यंत हात फिरवणारा माणूस हातोडीच्या टोकाने लोकर ढोसत होता. भिंतीची जाडी सगळी मिळून वीतभर. तिथे फार तर मांजर बसेल.

मी कॅमेरा लावला. पोकळी बाकीच्या भिंतीइतकीच गार होती, ना कमी ना जास्त. तिथे काहीच नव्हतं. मी हे मोठ्याने म्हटलं, नेस्टासाठी. तिने सुटकेचा श्वास सोडला.

त्याच वेळी एमलिन सोफ्यावर आणखी थोडे सरकले. आता ते सोफ्याच्या कडेच्या हातावर जवळजवळ दाबले गेले होते. त्यांनी डाव्या बाजूच्या उशीवरचा वर्तमानपत्राचा कागद उचलून घडी करून खिशात ठेवला आणि ती उशी हाताने सारखी केली. चेहऱ्यावर त्रास नव्हता. पाहुणा आल्यावर घरच्या माणसाचा असतो तसा चेहरा होता, थोडा अवघडलेला.

मी कॅमेरा त्यांच्याकडे वळवू शकलो असतो. माझ्या हातातच होता. मी तो बंद करून पिशवीत टाकला. अजूनही मी स्वतःला विचारतो की तेव्हा का नाही वळवला, आणि दर वेळी उत्तर एकच येतं की मला डिल्विनबरोबर दुपारच्या आत काम उरकायचं होतं.

६

भिंत उघडी असेपर्यंत नेस्टा वडिलांना घेऊन किनाऱ्याकडे आपल्या मैत्रिणीकडे जाऊन राहिली. पाच दिवसांत सगळी लोकर नवी बसली. प्रत्येक तुकड्याचा फोटो मी काढला, शेजारी घराचा नंबर लिहिलेली पाटी धरून. दोन घरांमधल्या पोकळीची दोन्ही टोकं बंद केली. बोर्ड माझ्यासमोर लागले.

सहाव्या दिवशी सकाळी मी शेवटची तपासणी केली. हीटिंग आदल्या दिवसापासून चालू होतं. खालची भिंत, वरची भिंत, जिना, पोटमाळ्याचं झाकण. सगळं पिवळं, एकसारखं, कुठे डाग नाही. तेरा नंबरमध्येही गेलो, या वेळी वरच्या मजल्यावरसुद्धा. सगळं निळं, एकसारखं. इतक्या वर्षांत इतकी निर्दोष भिंत मी पाहिली नव्हती. अहवालात तसं लिहिलं. खाली सही करताना हात हलका झाला होता. वाटलं, मी एक वाईट गोष्ट केली होती आणि ती निस्तरली.

नेस्टाची गाडी आली तेव्हा मी दारातच होतो, कॅमेरा गळ्यात, चालूच राहिलेला. तिने इंजिन बंद केलं नाही, गाडीतली ऊब राहावी म्हणून. काचेतून एमलिन दिसत होते, मागच्या सीटवर, दाराला लागून. ते पुढे का बसले नाहीत असं मला वाटून गेलं. नेस्टा उतरून माझ्याकडे आली. सगळं ठीक आहे का, विचारलं. मी म्हटलं, घर ठीक आहे. अगदी ठीक. तिने माझा दंड धरून दाबला. शाळेच्या मागच्या दारातल्या त्या दिवसानंतर ती पहिल्यांदाच माझ्याशी माणसासारखी वागत होती. म्हणाली, तिकडे त्यांना फारसं बरं वाटलं नाही, पण समुद्राचा वारा, तो कुणाला मानवतो.

मग तिने मागचं दार उघडलं.

काच मध्ये असली की या कॅमेऱ्याला पलीकडचं दिसत नाही. दार उघडलं तेव्हा माझ्या छातीशी लटकलेल्या पडद्यावर गाडीचं आतलं चित्र उमटलं आणि माझी नजर, सवयीने, आधी तिकडे गेली. सीट पिवळ्या. एमलिनचा चेहरा नारिंगी. काठीवरचा उजवा हात नारिंगी. डावा हात शेजारच्या सीटवर उपडा ठेवलेला होता, आणि तो मनगटापर्यंत निळा होता.

म्हाताऱ्या माणसाचं रक्त हातापर्यंत पोचत नाही. त्यांनी गार काहीतरी धरलं असेल. मी हे दोन्ही विचार केले, त्याच क्रमाने. आणि तेवढ्यात त्या निळ्या हाताच्या पाठीवर चार बारीक, जास्त गडद पट्टे दिसले, एकाशेजारी एक, तिरके. त्यातला एक उचलला गेला, थोडा पुढे सरकला आणि पुन्हा टेकला. धरलेला हात माणूस जरा नीट धरतो, तसा.

मी डोळे वर केले. सीटवर एका म्हाताऱ्याचा सुरकुतलेला हात होता. बाकी काही नाही.

एमलिननी माझ्याकडे पाहिलं. मला काय दिसलं ते त्यांना कळलं, याची मला खात्री आहे. ते रागावले नव्हते. विनवत होते म्हणावं तर तसंही नव्हतं. हळू आवाजात, नेस्टाला ऐकू जाणार नाही असं म्हणाले, "तिला बाहेर काढलंत तुम्ही. आता कुठे जाईल ती?"

मी कॅमेऱ्याचं बटण दाबलं. पडदा काळा झाला.

नेस्टाने त्यांना उतरायला हात पुढे केला, मीही केला. त्यांनी उजवा हात माझ्या हातात दिला आणि जड अंगाने बाहेर आले. डावा मागेच राहिला, पूर्ण ताणलेला, आपल्यामागून उतरणाऱ्या माणसाला आधार देताना राहतो तसा. नेस्टा दार लावायला गेली तर ते म्हणाले, "थांब जरा." ती थांबली. तिला वाटलं, त्यांना दम लागलाय.

मग ते घराकडे निघाले, एक पाऊल, मग थांबा, पुन्हा एक पाऊल. नेस्टा पिशव्या घेऊन मागून. मी धावत पुढे जाऊन घराचं दार उघडून धरलं. एमलिन आत गेले. नेस्टा आत गेली. आत सगळीकडे ऊब भरून राहिली होती, मी स्वतः तपासलेली.

"लावा ना दार," नेस्टा आतून म्हणाली. "ऊब जातेय सगळी."

माझा हात दारावर होता. मी आणखी दोन श्वास दार उघडंच धरलं, मग लावलं.